बंद केलेलं यंत्र जागं का असतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

२००० सालातली गोष्ट आहे. मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवत होतो. आमच्या विभागात नुकतेच नवे संगणक आले होते आणि त्यांचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. एका दुपारी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला मी एका संगणकात रॅमची जादा पट्टी बसवायला सांगितली. त्याने संगणक रीतसर बंद केला, कॅबिनेट उघडलं, पट्टी खाचेत दाबली. आणि दोन क्षणांत जळका वास आला. पट्टी गेली होती.

मी त्याला विचारलं, "संगणक बंद केला होतास का?"

"हो सर, बंद केला होता."

"मग जळली कशी?"

तो म्हणाला, "सर, बंद केला तरी आत बोर्डावर एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता."

मी म्हणालो, "दिवा लागलेला होता म्हणजेच तू बंद केला नव्हतास." विषय संपला. रॅमची पट्टी त्या काळात महाग होती. त्याच्या अनामत रकमेतून पैसे कापले गेले आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मी माझ्या हाताने शेरा लिहिला, 'विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे निकामी'. वीस वर्षं मी वर्गात एकच वाक्य शिकवत आलो होतो: बटण बंद, म्हणजे वीज बंद. त्या वाक्यावर माझा इतका विश्वास होता की समोर उभा असलेला मुलगा खरं बोलत असेल ही शंकाही मला आली नाही.

दोन वर्षांनी आमच्या घरी संगणक आला. त्याच्यासोबत त्या वेळी नवलाईचा असलेला, पोटात लाल दिवा असणारा माऊस होता. रात्री मी संगणक बंद करून झोपायला निघालो, तर आई दारात उभी. म्हणाली, "अरे, ते बंद केलंस ना? मग त्या उंदराच्या पोटात विस्तव कसला?" मी वळून पाहिलं. पडदा काळा होता, पंखा थांबला होता आणि अंधारात टेबलावर माऊसखालून लाल उजेड पसरला होता.

आई पुढे म्हणाली, "गावाकडे आम्ही रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायचो. सकाळी फुंकर मारली की चूल पेटायची. पण त्याला कुणी चूल विझवली असं म्हणायचं नाही. विस्तव राखला, असं म्हणायचं. तुमचं हे बंद म्हणजे तसलंच आहे का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी विभागात गेलो, तोच जुना संगणक बंद केला, कॅबिनेट उघडलं आणि मल्टिमीटर लावला. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यातून, मदरबोर्डाकडे वीस वायरींचं जुडगं जातं. लाल, पिवळ्या, नारिंगी अशा मुख्य पुरवठ्याच्या वायरी मेलेल्या होत्या. एक जांभळी वायर मात्र जिवंत होती. तिच्यावर बरोबर पाच व्होल्ट होते. मुलगा खरं बोलत होता. त्याने संगणक बंद केला होता आणि वीज चालू होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

असं कसं झालं आणि कधीपासून झालं, ते शोधताना मला 'बंद' या शब्दाचाच एक छोटासा इतिहास सापडला. तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

पूर्वी यंत्र बंद करणं म्हणजे वाट तोडणं. भिंतीतून आलेली वीज बटणापाशी अडायची. रेडिओची खुंटी फिरवली की 'टक्' असा आवाज यायचा, तो आवाज म्हणजे विजेच्या वाटेतले दोन पत्रे एकमेकांपासून सुटल्याची खूण. आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला, त्याच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस एक ठसठशीत लाल खटका होता. तो खाली केला की संगणक त्या क्षणी संपला. काय काम चाललंय, काय जपून ठेवायचं राहिलंय, याची विचारपूस नाही. अशा खटक्यांवर एक उभी रेघ आणि एक गोल काढलेला असतो. ही चिन्हं आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९७३ मध्ये प्रमाणित केली. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. एक आणि शून्य. मधलं काही नाही.

ही व्यवस्था स्वच्छ होती, पण संगणकाला ती सोसवेना. कारण संगणक हा दिव्यासारखा नसतो. दिवा मालवला तर अंधार होतो, दुसरं काही बिघडत नाही. संगणकाचं काम मात्र अर्धं त्याच्या स्मरणात असतं आणि अर्धं तबकडीवर उतरायचं असतं. तबकडीवर लिहिणं हे हळू काम. म्हणून संगणक काही मजकूर हातचा राखून ठेवतो आणि सवडीने उतरवतो. मध्येच वीज तोडली तर हातचं ते हातातच जातं, आणि नेमकं लिहीत असताना तोडली तर फाईलही बिघडते. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना तीन तासांचं टंकलेखन एका ठोक्यात गमावल्याचं दुःख माहीत असेल.

यावर उपाय काढणारी मंडळी लवकरच पुढे आली. ॲपल कंपनीचा 'लिसा' नावाचा संगणक १९८३ साली आला. त्याचं बटण वीज तोडत नसे. ते दाबलं की लिसा उघडे कागद आवरायची, जागच्या जागी ठेवायची आणि मग स्वतःच बंद व्हायची. १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकाला तर कळफलकावरूनच सुरू करता येई. पण हे संगणक महाग होते. सर्वसामान्य कचेऱ्यांत आणि घरांत जी यंत्रं गेली, ती आयबीएमच्या नमुन्याची, खटक्याची.

त्या यंत्रांवर १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि एक मजेदार पेच उभा राहिला. शट डाऊन म्हटलं की विंडोज सगळी आवराआवर करायचं, आणि मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत एक सूचना यायची की आता तुम्ही संगणक निर्धास्तपणे बंद करू शकता. आठवतं का? संगणकाने सगळं केलं, पण शेवटचा खटका दाबायला माणूस लागत होता. कारण खटका होता विजेच्या वाटेत, आणि संगणकाला हात नव्हता.

आणखी एक अडचण होती. त्या जुन्या पद्धतीत एसएमपीएस मागे आणि बटण पुढे. म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज एका जाड केबलने कॅबिनेटच्या आतून पुढच्या बटणापर्यंत आणावी लागे. दुरुस्ती करणाऱ्याचा हात त्या टोकांना लागला की काय होई, हे आमच्या पिढीच्या तंत्रज्ञांना सांगायला नको.

जुलै १९९५ मध्ये इंटेल कंपनीने संगणकाच्या मांडणीचं नवं मानक जाहीर केलं. त्याचं नाव एटीएक्स. आज मेजावरच्या बहुतेक संगणकांची मांडणी याच घराण्यातली आहे. त्यात अनेक बदल होते, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा एकच. पुढचं बटण विजेच्या वाटेतून काढून घेतलं गेलं. आता त्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डाकडे जातात. बटण दाबलं की मदरबोर्डाला इतकंच कळतं की कुणीतरी बटण दाबलं. पुढे काय करायचं ते मदरबोर्ड ठरवतो. सुरू व्हायचं असेल तर तो एका हिरव्या वायरीवरून एसएमपीएसला निरोप देतो, आणि मग मुख्य पुरवठा सुरू होतो. बंद व्हायचं असेल तर आधी आवराआवर होते, मग निरोप मागे घेतला जातो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नंतर हे असं समजावत असे. पूर्वीचं बटण म्हणजे दाराची कडी होती. तुम्ही स्वतः काढायची, स्वतः घालायची. एटीएक्समध्ये कडी गेली आणि तिथे घंटा आली. तुम्ही घंटा वाजवायची, दार आतल्याने उघडायचं. पण मग एक गोष्ट ओघानेच आली. घंटा ऐकायला आत कुणीतरी जागं असलं पाहिजे. ती जांभळी वायर म्हणजे त्या जागणाऱ्याचं जेवण. घरातले सगळे झोपले तरी देवडीवरचा पहारेकरी जागा राहतो, आणि त्याच्यासाठी एसएमपीएसमधला एक वेगळा छोटा पुरवठा भिंतीतून कायम वीज घेत राहतो.

बरं, एकदा पहारेकरी ठेवलाच आहे म्हटल्यावर त्याला आणखी कामं लावायचा मोह कुणाला होणार नाही? पुढच्या दोन-तीन वर्षांत नेमकं तेच झालं. कळफलकावरचं एखादं बटण दाबून संगणक सुरू व्हावा, ही एक सोय. टेलिफोनची रिंग आली की मोडेमने संगणकाला उठवावं आणि फॅक्स घ्यावा, ही दुसरी. तिसरी सोय मोठ्या कंपन्यांची गरज होती. शेकडो संगणक असलेल्या कचेरीत रात्री नवी प्रणाली चढवायची, तर प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण कोण दाबणार? १९९५ मध्ये एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी 'मॅजिक पॅकेट' नावाची युक्ती मांडली. नेटवर्कच्या प्रत्येक कार्डाला स्वतःचा असा एक क्रमांक असतो. आधी सहा ठरावीक अक्षरं आणि मग तोच क्रमांक लागोपाठ सोळा वेळा, असा निरोप नेटवर्कवरून पाठवायचा. झोपलेल्या संगणकाचं कार्ड तेवढं कान देऊन असतं. आपलं नाव सोळा वेळा ऐकलं की ते संगणकाला उठवतं. आईने शाळेच्या दिवशी सकाळी मारलेल्या हाकांपेक्षा हे काही फार वेगळं नाही.

१९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी संगणकाच्या या निद्रावस्थांची रीतसर यादीच केली. पूर्ण जागा, डुलकी, गाढ झोप, सगळं तबकडीवर उतरवून घेतलेली झोप, आणि 'सॉफ्ट ऑफ', म्हणजे आपण नेहमी करतो ते बंद. या सगळ्यांच्या पलीकडे एक वेगळी अवस्था त्यांनी नमूद केली, ती 'मेकॅनिकल ऑफ'. भिंतीतली वीजच तोडलेली. गंमत पहा, एके काळी बंद म्हणजे जे होतं, त्याला आता वेगळं विशेषण लावून यादीच्या टोकाला बसवावं लागलं.

आता माऊसकडे येऊ. माऊस का पेटलेला राहतो? याचा धागा यूएसबीकडे जातो. जानेवारी १९९६ मध्ये या जोडणीचं पहिलं मानक प्रसिद्ध झालं. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते अजय भट्ट. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. सयाजीराव गायकवाडांच्या नावाच्या त्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाचा हात आज जगातल्या बहुतेक संगणकांच्या खाचेत आहे, हे ऐकून आपल्यालाही बरं वाटतं. यूएसबीची खरी हुशारी अशी की एकाच वायरीतून निरोपही जातो आणि वीजही जाते. पाच व्होल्ट आणि पहिल्या मानकांप्रमाणे जास्तीत जास्त अर्धा अँपियर. त्यामुळे माऊसला, कळफलकाला वेगळा प्लग लागत नाही.

पण माऊस हलवून किंवा कळ दाबून झोपलेल्या संगणकाला उठवायचं असेल, तर माऊस आणि कळफलक स्वतः जागे हवेत. म्हणून अनेक मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी यूएसबीच्या खाचांची वीज त्या जांभळ्या वायरीला जोडून टाकली. काही बोर्डांवर त्यासाठी एक छोटा जंपर असे, तो इकडचा तिकडे केला की माऊस विझे. पण तो जंपर कुठे आहे हे माहितीपुस्तिकेत, आणि पुस्तिका खोक्यात, आणि खोकं माळ्यावर. म्हणून कोट्यवधी घरांत माऊस रात्रभर लाल उजेड पाडत बसले. पुढे मोबाईल आले, तशी लोकांना बंद संगणकातून मोबाईल चार्ज होतो ही सोय आवडू लागली आणि चूक होती तीच जाहिरातीत गुण म्हणून मिरवू लागली.

जांभळ्या वायरीचा आहार या सगळ्यात वाढत गेला. पहिल्या मानकात तिच्याकडून फार थोड्या विजेची अपेक्षा होती. पुढे कळफलक, नेटवर्क, यूएसबी, स्मरणात जपलेलं काम हे सगळं तिच्यावर आलं, तेव्हा दोन अँपियर देऊ शकणारे पुरवठे नेहमीचे झाले. म्हणजे दहा वॅटची ताकद. पहारेकऱ्याला आता गोतावळा पोसायचा होता.

ज्यांना स्वतःचा प्लग असतो, त्या प्रिंटर, स्पीकर, मोडेम यांची तऱ्हा वेगळी. त्यांची वीज संगणकातून येत नाही, त्यामुळे संगणक बंद झाल्याचं त्यांतल्या बऱ्याच जणांना कळतही नाही. आणि त्यांचं स्वतःचं बटण बंद केलं तरी त्यातली पुष्कळशी उपकरणं वीज पीत राहतात. कारण बटण बसवलेलं असतं ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी व्होल्टच्या बाजूला. तिथे बटण हलकं आणि स्वस्त चालतं. ट्रान्सफॉर्मर मात्र अलीकडे, थेट भिंतीला चिकटलेला. प्लगच्या जागी जो काळा ठोकळा असतो, तो जुन्या पद्धतीचा असेल तर उपकरण बंद असताना हात लावून पहा, कोमट लागेल. त्याच्या पोटातलं लोखंड विजेने सारखं चुंबकत आणि उलटत असतं. ती ऊब तुम्ही बिलातून विकत घेतलेली असते.

ही ऊब मोजण्याचा विचार बराच काळ कुणाच्या मनात आला नव्हता. एकेका उपकरणाचे चार-पाच वॅट, त्याचं काय एवढं? खरं तर हा रोग संगणकाच्या आधीचा. अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत 'इन्स्टंट ऑन' नावाचे टीव्ही मिळत. त्यांच्या नळ्या बंद असतानाही गरम ठेवलेल्या असत, कारण गिऱ्हाइकाला चित्र यायची वाट पाहायची नव्हती. पुढे रिमोट आला. रिमोटने टीव्ही सुरू करायचा, तर रिमोटकडे डोळा लावून टीव्हीत कुणीतरी बसलेलं हवं. आपल्याकडेही तो लहान लाल दिवा घरोघरी आला आणि आपण त्याला टीव्ही बंद असल्याची खूण समजू लागलो.

हे सगळं एकत्र करून पाहिलं ते कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या ॲलन मायर या शास्त्रज्ञाने. त्याने याला गळकी वीज असं नाव दिलं. नळ बंद केल्यावरही टपटपतो, तशी. २००० साली मायर आणि त्याच्या सहकाऱ्याने कॅलिफोर्नियातल्या दहा घरांत प्रत्यक्ष मोजणी केली. काहीही वापरात नसताना घर किती वीज पितं? उत्तर आलं सरासरी ६७ वॅट. एका घरात १४, एका घरात तब्बल १६९. ६७ वॅट म्हणजे जुना एक साधा बल्ब वर्षभर, रात्रंदिवस, कुणासाठीही नाही असा पेटत ठेवणं. वर्षाचे साडेपाचशेहून अधिक युनिट होतात.

मायरचा खरा मुद्दा याच्या पुढचा होता. पहारेकऱ्याच्या कामाला एवढी वीज लागतच नाही. घंटा ऐकायला, रिमोट ओळखायला एक वॅटसुद्धा पुष्कळ झाला. उरलेली वीज वाया जाते ती स्वस्त बनावटीत. पण चांगला पुरवठा बसवण्याचा थोडासा खर्च कारखानदाराने सोसायचा आणि बिल मात्र तुम्ही-आम्ही भरायचं, मग कारखानदार तो खर्च कशाला करील? ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्या खिशाला चाट नाही आणि ज्याच्या खिशाला चाट आहे त्याच्या हातात उपाय नाही.

म्हणून हा प्रश्न सरकारांकडे गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्येच संगणक आणि मॉनिटर यांच्यासाठी 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केलं होतं, पण त्याचा रोख झोपलेल्या यंत्रांवर होता, बंद केलेल्यांवर नव्हे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 'एक वॅट'चा आग्रह धरला. कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये विजेचं मोठं संकट आलं, घरं अंधारात गेली आणि मग गळक्या विजेचं महत्त्व एकदम पटलं. ३१ जुलै २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी शक्य तिथे एक वॅट किंवा त्याहून कमी गळतीचीच उपकरणं घ्यावीत. सरकार हे मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे बाजार हलला. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला. जानेवारी २०१० पासून बंद उपकरणाला एक वॅटची मर्यादा, २०१३ पासून अर्ध्या वॅटची. मे २०२५ पासून तिथे आणखी नवे नियम लागू झाले आहेत.

हा कायदा तुमच्या टेबलावरही पोचला आहे. अनेक मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये 'ईआरपी' नावाचा एक पर्याय दिसतो. तो युरोपातल्या त्याच नियमांचा अवतार. तो चालू केला की संगणक बंद झाल्यावर जांभळ्या वायरीवरचा गोतावळा उपाशी ठेवला जातो, माऊस विझतो आणि पहारेकरी एकटाच घंटेपाशी बसतो.

या काळात बटणावरच्या चिन्हाचंही रूप बदललं. तुमच्या संगणकाच्या, टीव्हीच्या बटणावर पहा. वरून तुटलेला गोल आणि त्या फटीत घुसलेली उभी रेघ. १९७३ च्या मानकात याचा अर्थ अगदी स्पष्ट होता. या बटणाने यंत्र पूर्ण बंद होत नाही, ते फक्त सज्ज अवस्थेत जातं. म्हणजे तो इशारा होता. पण तो कुणी वाचला नाही. शेवटी २००४ सालच्या आयईईई या संस्थेच्या १६२१ क्रमांकाच्या मानकाने लोकांच्या समजुतीपुढे मान तुकवली आणि त्या चिन्हाचा अर्थ नुसता 'पॉवर' असा ठरवला. आमच्या त्या मुलाच्या संगणकाच्या बटणावरही तेच चिन्ह होतं. तो इशारा त्यालाही वाचता आला नाही आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या मलाही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अमेरिकेत भिंतीतल्या सॉकेटला सहसा बटण नसतं. तिथे गळती थांबवायची तर प्लग उपटावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असतं, आणि 'मागचं बटण बंद कर' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. ती अजूनही शिल्लक असलेली कडी आहे. आमच्या घरी मी एकदा मोजून पाहिलं. बंद केलेला संगणक, स्पीकर, मॉनिटर आणि प्रिंटर मिळून सतरा वॅट पीत होते. दिवसातले वीस तास ही सगळी बंद असत, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आसपास युनिट. त्या वर्षांत लोडशेडिंगमध्ये आम्ही मेणबत्त्या लावून बसत होतो आणि वीज आली की ही चौघं आमच्या आधी जेवायला बसत होती.

तेव्हा करायचं काय? आधी संगणक शट डाऊन करा. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, कारण शाईच्या प्रिंटरला आपलं टोक झाकून घ्यायला क्षणभर लागतो. मग भिंतीवरचं बटण. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना तर प्लगच काढा. याची एक लहानशी किंमत आहे, तीही सांगतो. संगणकाच्या घड्याळाला जांभळ्या वायरीचा आधार असतो, तो गेला की बोर्डावरचा नाण्याएवढा सेल लवकर उतरतो. सेल काही महाग नसतो. आणि कॅबिनेट उघडायचं असेल तर प्लग काढल्याशिवाय उघडू नका. बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबा.

'बंद'चा अर्थ अजूनही सरकतोच आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून शट डाऊन म्हटल्यावरही विंडोज आपला गाभा तबकडीवर जपून ठेवतं, म्हणजे उद्या लवकर उठता येईल. त्या पर्यायाचं नाव 'फास्ट स्टार्टअप', आणि तो सहसा आधीपासूनच चालू असतो. राउटर तर आपण बंद करायचं सोडूनच दिलं. सोय कुणाला नको असते? मलाही हवी असते. पण सोय कुणाच्या जिवावर आणि कुणाच्या बिलावर चालली आहे, ते माहीत असावं.

आईला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "विस्तव राखायला हरकत नाही. पण घरात राखलेला विस्तव आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवायचं असतं. नाहीतर कुणी अंधारात हात घालतं."

त्या आठवड्यात मी कचेरीतून डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. जुना शेरा खोडता येत नाही, म्हणून पुढच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्र बंद होते, वीज चालू होती. सूचना अपुरी. जबाबदारी प्रयोगशाळा प्रमुखाची.' खाली सही केली. मुलगा तोपर्यंत पदविका घेऊन गेला होता. प्रवेश-अर्जावरून त्याचा पत्ता शोधला, कापलेले पैसे मनिऑर्डरने पाठवले आणि सोबत दोन ओळी लिहिल्या.

आठ-दहा दिवसांनी विभागात त्याचा फोन आला. नोकरी लागल्याचं त्याने सांगितलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग थोडा थांबून म्हणाला, "सर, पैशांचं मी विसरूनही गेलो होतो. पण दिव्याचं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."